निरंक

फळीवरच्या डब्याचा दिवा अजून लुकलुकत होता. सोळा दिवसांत तिने घरातली एकेक गोष्ट बंद करत आणली होती. फ्रिज रिकामा करून त्याच्या दारात फडकं अडकवलं, गॅसचा कॉक फिरवला, टीव्हीची वायर गुंडाळली, पेपरवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगितलं. एवढा एक डबा तिने चालू ठेवला होता. बाबांच्या घरात तिने तीन छोट्या डब्या बसवल्या होत्या. एक स्वयंपाकघरात शेगडीवरच्या भिंतीला, एक बाथरूमच्या दाराला आणि एक पलंगाच्या पायाला. त्या तिघी तारेशिवाय जे काही बोलत ते सगळं या मोठ्या डब्यात जमा होई आणि साठ दिवस राही. त्या शुक्रवारी बाबा पडले तेव्हा नेमकं काय झालं, ते किती वेळ तसे पडून होते, याचं काही उत्तर कुठे असेलच तर ते इथे होतं. डब्याला आकड्यांचं लांबलचक कुलूप होतं आणि ते जगात तिला एकटीला उघडता येत होतं.

सोळा दिवस तिने ते उघडलं नव्हतं.

"हे काढू का?" दादाने विचारलं. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता आणि डोक्याला रुमाल. धुळीचा त्याला लहानपणापासून त्रास.

"राहू दे."

"अगं, फुकट वीज खातंय."

"खाऊ दे. त्या सगळ्यांत हा एकटाच भिंतीतल्या विजेवर पोसलेला आहे. बाकीच्यांना मी उपाशीच ठेवलं."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि खोका खाली ठेवला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. न समजणाऱ्या मुलाला तेच वाक्य पुन्हा शांतपणे सांगायची त्याला सवय होती.

"हे बघ, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. मेंदूतली शीर फुटली. कळलंसुद्धा नसेल त्यांना. लगेच."

डॉक्टरांचं वाक्य तिने ऐकलं होतं. ते म्हणाले होते, "लगेच झालं असावं, असं धरून चला." दादाने त्यातलं 'लगेच' उचललं आणि सोळा दिवस जो भेटेल त्याला दिलं. तिच्या वाट्याला 'धरून चला' आलं होतं. धरून चालणं हाच तिचा धंदा होता, त्यामुळे ते शब्द तिला जास्त बोचले.

बाबांना सगळे मोजणीमास्तर म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी पाणी खात्यात पाऊस आणि नदीची पातळी मोजली. रोज सकाळी आठला टेकडीवरच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा रेषेच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. मग उतरून बंधाऱ्यावरची पट्टी बघायची. पाऊस नसला तरी ही फेरी चुकत नसे. नळी कोरडी निघाली की ते वहीत लिहीत, 'निरंक'. लहानपणी एकदा तिने विचारलं होतं, काही नसलं तर जागा तशीच सोडली तर काय बिघडतं? ते म्हणाले होते, "मोकळी जागा दिसली तर वरच्या साहेबाला काय कळणार? पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता? निरंक म्हणजे मी गेलो, मी पाहिलं आणि काही नव्हतं. तीन गोष्टी आहेत त्यात."

आणि ज्या दिवशी खरंच जाता आलं नाही, त्या दिवसासाठी वेगळी नोंद होती. 'नोंद घेतली नाही.' तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागे. चौतीस वर्षांत बाबांच्या वहीत अशी नोंद एकदाच आली होती. 'नोंद घेतली नाही. कारण : मुलगी झाली.' वरून पत्र आलं होतं की कारण समाधानकारक नाही. ते पत्र आईने कित्येक वर्षं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं आणि ती कुठल्या विषयात नापास झाली की बाहेर काढून दाखवत असे. "बघ, तेव्हाच सरकारने कळवलं होतं."

बाबांच्या गोष्टींत एक खलनायकही होता. शेजारच्या ठाण्यावरचा मोजणीदार. हा गृहस्थ फेरीला जातच नसे. आजूबाजूच्या ठाण्यांचे आकडे विचारायचे, दोन मिलिमीटर इकडेतिकडे करायचे, आणि चहा पितापिता वही भरून टाकायची. वर्षानुवर्षं खपून गेलं, कारण आकडे नेहमी बरोबरच्या आसपास असत. मग एकदा तपासणी आली. पाहतात तर गुरांच्या धक्क्याने मापक आडवं पडलेलं, त्याच्यात गवत उगवलेलं, आणि वहीत त्याच दिवशीचा पाऊस बावीस मिलिमीटर. बाबा हसून लोटपोट व्हायचे. "घरबसल्या पाऊस!" तो त्यांचा शब्द झाला होता. कुणी न बघता काही ठोकून दिलं की बाबा चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "हा घरबसल्या पाऊस तर नाही ना?"

तिने पुढे जे काम धरलं तेही मोजणीचंच. पुलांना, पाइपलाइनींना, शीतगृहांना लावायच्या छोट्या डब्या तिची कंपनी बनवे. आत एक सेन्सर, एक रेडिओ आणि एक सेल. सेल संपला की डबी मेली, आणि पुलाच्या पोटाखाली लोंबकळून सेल बदलायला कुणी तयार नसतं. म्हणून सगळी धडपड तो सेल पुरवण्याची. डबीला बघायला फारशी वीज लागत नाही, बोलायला लागते, हे तिने पहिल्या वर्षातच ओळखलं आणि डब्यांना कमी बोलायला शिकवण्यात नाव काढलं. तिची युक्ती अशी होती की डबी आणि मोठा डबा दोघांनाही एकच अंदाज पाठ करून द्यायचा. प्रत्यक्षात जे दिसतंय ते अंदाजासारखंच असेल तर डबी गप्प राहील आणि मोठा डबा अंदाजाचा आकडाच पडद्यावर मांडेल. अंदाज चुकला तरच डबी तोंड उघडेल. शंभर निरोपांच्या जागी चार. त्यासाठी तिला एक पदकही मिळालं होतं. ते बाबांनी टीव्हीवर ठेवलं होतं.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने त्या डब्या बाबांच्या घरी आणल्या. दोन तासांच्या अंतरावर ती राहत होती, दादा त्याहून लांब. बाबा स्टुलावर बसून तिचं काम बघत होते आणि मधूनमधून स्क्रू हातात देत होते.

"म्हणजे मी कधी उठलो, चहा कधी केला, हे तुला तिथे बसून कळणार."

"हो."

"आणि आणखी कोणाला?"

"कोणाला नाही. प्रत्येक निरोपाला कुलूप आहे. किल्ली फक्त माझ्याकडे."

"दादालाही नको हं. मी रात्रीतून कितीदा उठतो हे त्याला कळलं तर लेक्चर देईल."

"नाही कळणार."

"बरं. आणि डबी काही बोलली नाही तर?"

"तर सगळं ठीक आहे असं समजायचं."

बाबांनी चष्मा खाली ओढला. "आणि डबी मेली तर?"

"मरत नाही, बाबा. दोन वर्षं चालते."

"ठमे, मी किती चालते ते विचारलं नाही. मेली तर, असं विचारलं."

तिचं नाव काही वेगळंच होतं, पण बाबा तिला ठमीच म्हणत. "तर रविवारी कळेल," ती म्हणाली. "दर रविवारी बाराला तिघी हजेरी देतात."

"आठवड्यातून एकदा? आमच्यात पाऊस नसला तरी रोज निरंक लिहावं लागायचं."

"रोजच्या निरंकमध्येच सेल संपतो हो. त्यात कुलपाने निरोप तिप्पट लांब होतो. रोज हजेरी हवी असेल तर कुलूप काढावं लागेल. कुलूप हवं असेल तर हजेरी आठवड्याने. बोला."

बाबांनी थोडा विचार केला. "कुलूप ठेव," ते म्हणाले.

तिसरा एक मार्ग होता. कुलूपही ठेवायचं, रोजची हजेरीही ठेवायची आणि सहा महिन्यांनी सेल बदलायचे. त्यासाठी सहा महिन्यांनी एकदा तिला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यावं लागलं असतं. तो मार्ग तिने बाबांपुढे मांडलाच नाही. त्या वेळी तो तिच्या मनातही आला नव्हता, असं तिने या सोळा दिवसांत स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. पण आला होता.

"आणि हे बटण कसलं?" बाबांनी विचारलं. डबीच्या कडेला शेंगदाण्याएवढं पांढरं बटण होतं.

"चाचणीचं. दाबलं की हिरवा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे निरोप पोचला."

बाबांनी लगेच दाबून पाहिलं. दिवा लागला. ते लहान मुलासारखे खूश झाले. "पोचला?"

"पोचला," ती म्हणाली, वायरी गोळा करतकरत.

त्यानंतर तिचे रोजचे फोन कमी झाले. आधी एक दिवसाआड, मग रविवारी फक्त. कामाच्या गर्दीत फोनच्या पडद्यावर नजर टाकली की दिसायचं, ६:३५ उठले, ६:५० बाथरूम, ७:१० चहा. तेवढ्याने जीव भांड्यात पडायचा. समोरच्या दारातल्या काकू रोज दहाला बाबांकडून वाचून झालेला पेपर घ्यायला येत आणि दोन गोष्टी बोलून जात. त्यांना लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर जायचं होतं आणि पाय निघत नव्हता. "मास्तरांना एकटं टाकून कशी जाऊ गं?" त्यांनी फोनवर विचारलं होतं. ती हसून म्हणाली होती, "काकू, खुशाल जा. मला इथे सगळं दिसतं."

त्या शुक्रवारी, शनिवारीही तिला सगळं दिसलं. उठले, बाथरूम, चहा. शनिवारी दुपारी दोनला आडवे झाले, साडेतीनला उठले. रविवारी बाराला तिघींपैकी एकीचीही हजेरी आली नाही. एक चुकली असती तर तिने बिघाड म्हटलं असतं. तिने बाबांना फोन लावला, पुन्हा लावला आणि गाडीची किल्ली घेतली. दोन तासांनी तिने दार उघडलं, तेव्हा बाबा पलंग आणि कपाटाच्या मधल्या अरुंद जागेत कुशीवर होते.

तिन्ही डब्या मेलेल्या निघाल्या. हेच तिला कळत नव्हतं. दोन वर्षांचे सेल तेरा महिन्यांत कसे संपले? तिचा हिशेब असा चुकत नसे. तिने डब्या उघडून पाहिल्या होत्या. कुठे गंज नाही, कुठे ओल नाही. नुसते रिकामे सेल.

"हे बघ काय सापडलं!" आतल्या खोलीतून दादा म्हणाला. "मास्तर अजून पाऊस मोजत होते की काय?"

त्याच्या हातात लांबट वही होती, भोक पाडून सुतळी ओवलेली. पलंगाच्या उशाकडच्या खिळ्याला, कपाटाच्या आड ती टांगलेली होती. बाबांनी पट्टीने रकाने आखले होते. दिनांक. वेळ. स्वयंपाकघर. बाथरूम. पलंग. शेरा.

दोघं पलंगाच्या कडेला बसली. दादाने पहिलं पान उघडलं. डब्या बसवल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून नोंदी सुरू होत होत्या. वेळ सकाळी ६:५५ ते ७, आणि पुढे तीन रकान्यांत तीन 'दिवा आहे'. शेऱ्यात बहुतेक दिवशी एकच शब्द होता, निरंक.

"ही कसली फेरी?" दादाने विचारलं.

ती शेरे वाचत होती. बाबांचं अक्षर म्हणजे ठशासारखं, काना-मात्रा सरळ. 'निरंक.' 'निरंक.' 'सर्दी. तरी फेरी केली.' 'निरंक.' 'पलंगाची उशिरा पेटली, झोपेत असावी.' 'आज साहेबांचा वाढदिवस, म्हणून दोनदा दाबलं.' तो तिचा वाढदिवस होता. बाबा कधीकधी तिला साहेब म्हणत.

"बटण दाबत होते," ती म्हणाली. "रोज. तिन्ही. मला निरंक पाठवत होते."

"मग? तुला मिळत नव्हतं?"

तिने वही मांडीवर घेतली. रविवारच्या फोनवर बाबा न चुकता विचारायचे, "माझं रोजचं पोचतं ना गं वेळेवर?" आणि ती म्हणायची, "पोचतं की. अगदी मिनिटाला." तिच्या मनात पडद्यावरचा चहा असायचा.

"ते बटण डब्या बसवणाऱ्या माणसांसाठी असतं," ती सावकाश म्हणाली. "दाबलं की डबी दहा मिनिटं पूर्ण जागी राहते, म्हणजे त्यांना सगळं तपासता येतं. ती माणसं शंभरदा दाबतात आणि आमच्या पडद्यावर नुसता कचरा होतो. म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. चाचणीचा निरोप आला की बाजूला टाका, दाखवू नका. इथेही तोच प्रोग्राम होता."

दादाने वहीतले ते तीन रकाने पुन्हा पाहिले.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "एरवी दिवसभरात ती मोजून काही सेकंद जागी असते. रोज दहा मिनिटं जागं ठेवलं तर सेल तेरा महिन्यांतच संपणार." हिशेब आता बरोबर आला होता. शेवटच्या रविवारपर्यंत हजेरीत सेल ठणठणीत दिसत होते, पण त्या सेलची खोडच तशी असते. शेवटपर्यंत भरल्यासारखे दिसतात आणि मग एकदम बसतात.

तिने शेवटचं पान उघडलं. सोमवार, स्वयंपाकघर : दिवा नाही. शेरा : 'तिकडे कळलं असेलच.' मंगळवार, स्वयंपाकघर : दिवा नाही. बुधवार, बाथरूमही नाही. शेरा : 'फोन करावा का? कामात असते. रविवारी सांगू.' गुरुवार, पलंग : दिवा आहे. 'निरंक.' शुक्रवार, ६:५५. पलंग : दिवा आहे, मंद. 'निरंक.'

त्याखाली पान कोरं होतं.

म्हणजे सोमवारपासूनचा चहा तिच्या डब्याने स्वतःच केला होता. ती वहीच्या कोऱ्या भागाकडे बघत राहिली. मापक आडवं पडलेलं, त्यात गवत, आणि पडद्यावर ७:१० चहा. बाबांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते, की नसते, हे तिला ठरवता येईना.

मग ती उठली, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि फळीखालच्या टेबलावर ठेवला.

"काय करतेस?"

"चाचणीचे निरोप मी टाकून देत नव्हते. नुसते बाजूला ठेवत होते. ते यात आहेत."

"नको उघडू," दादा म्हणाला. त्याने रुमाल सोडून हातात घेतला होता. "काय मिळणार आहे? लगेच गेले ते."

"तू लिहून दिलंस म्हणून?"

"डॉक्टर म्हणाले म्हणून!"

"डॉक्टर तिथे होते का रे? तू होतास? मी होते?" ती थांबली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, त्यांनी पाठवलंय ते. तेरा महिने रोज पाठवलंय आणि मी एकदाही बघितलं नाही. आता तरी बघू दे."

दादा आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिने कुलपाचे आकडे टाकले. बत्तीस होते. एकदा चुकले, पुन्हा टाकले. मग चाचणीची यादी उघडली. साठ दिवसांच्या ओळी खाली उतरत गेल्या. रोज सकाळी तीन ओळी, पाच मिनिटांच्या आत. पहिल्यांदा स्वयंपाकघर, मग बाथरूम, मग पलंग. बाबा कुठल्या क्रमाने चालत होते ते दिसत होतं. शेवटच्या आठवड्यात तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक.

शुक्रवार. पलंग, ६:५५.

त्याखाली आणखी ओळी होत्या.

९:१४. ९:१४. ९:१५. ९:२२. ९:४०. १०:०३. १०:३१. ११:०५.

तिने यादी खाली सरकवली. पुढे काही नव्हतं. दादाचा हात खुर्चीच्या पाठीवर आला आणि खुर्ची थोडी हलली.

"पलंगाची डबी खाली पायाला आहे," ती म्हणाली. "जमिनीवरून हात पोचतो."

"म्हणजे ते..."

"हो."

बाहेर जिन्यात कुणीतरी पाण्याचे कॅन ठेवत गेलं. एक, दोन, तीन. दादाने विचारलं, "मग अकरा पाचला गेले?"

"माहीत नाही. अकरा पाचनंतर एकतर ते थांबले, नाहीतर सेल थांबला. सेल आधीच संपत आला होता. सकाळी त्यांनीच लिहिलंय, मंद. त्यात आठदा दाबलं म्हणजे जवळपास तासभर पूर्ण जागी राहिली ती." ती बोलत राहिली, कारण बोलणं सोपं होतं. "दिवसा पलंग रिकामा असतो, ते अंदाजातलंच. पण दोनला ते आडवे झाले नाहीत, हे तिला दिसलं असतं. अंदाज चुकला म्हणून ती बोलली असती आणि तो निरोप मी अडवला नसता. तो थेट माझ्या फोनवर वाजला असता. दोनपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं."

"हाक मारण्यात संपली," दादा म्हणाला.

तिने मान हलवली.

"दिवा तर लागला असेल ना गं? प्रत्येक वेळी?"

"लागला असेल."

"म्हणजे त्यांना वाटलं असेल की पोचतंय."

९:१४ ला ती ऑफिसात होती, समोर फोन होता आणि त्यावर बाबांचं घर उघडं होतं. अकरा वाजता तिने सहज बघितलंही होतं. चहा होऊन गेलेला, सगळं हिरवं. तिने फोन पालथा घातला होता आणि कॉफी आणायला गेली होती.

दादा खाली जमिनीवर बसला, कपाटाला टेकून, म्हणजे बरोबर त्या जागेशेजारी. बराच वेळ तो रुमालाची घडी घालत होता आणि मोडत होता.

"तू सांगितलं होतंस, दाबलं की पोचतं," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण अंगात राग धरायचं बळ नव्हतं.

"डब्यापर्यंत पोचलं. पुढे मी अडवलं."

"मुद्दाम नाही अडवलंस."

"नाही. न बघता अडवलं."

"मी बुधवारी फोन करणार होतो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "दर बुधवारी करायचो आधी. मग म्हटलं, हिच्याकडे दिसतंय सगळं, आपण कशाला त्यांची झोपमोड करा. केला असता तर त्यांनी सांगितलं असतं, दोन दिवे गेलेत म्हणून." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काकूंना काय सांगायचं? त्या फोनवर विचारतात रोज. मी सांगितलंय, लगेच."

"काकूंना तेच राहू दे," ती म्हणाली. "त्यांना मीच पाठवलं होतं." मग तिला वाटलं, हेही बाबांना चाललं नसतं. "नाही. मीच सांगेन. येऊ दे त्यांना परत."

तिने वही टेबलावर ओढली. बाबांचं पेन सुतळीलाच बांधलेलं होतं. शुक्रवारच्या ओळीखाली तिने वेळेच्या रकान्यात एकाखाली एक आकडे उतरवले, ९:१४ पासून ११:०५ पर्यंत, आठ ओळी. प्रत्येकीपुढे पलंगाच्या रकान्यात लिहिलं, 'निरोप मिळाला'. थोडं थांबून प्रत्येक ठिकाणी पुढे जोडलं, 'सतरा दिवसांनी वाचला'. बाबांपेक्षा तिचं अक्षर वाईट होतं. लहानपणी यावरून बोलणी खाल्ली होती.

"दिवस मोजलेस?" दादाने खालूनच विचारलं.

"अठरा. आज अठरा होतात शुक्रवारपासून. सोळा मला कळल्यापासून."

तिने सतरा खोडून अठरा केले. खाडाखोड झाली की बाबा शेजारी सही करत, म्हणून तिने आठही ठिकाणी सही केली.

राहिले शनिवार आणि रविवार. पडद्यावर त्या दोन दिवसांचे आकडे अजूनही होते. उठले, बाथरूम, चहा, आडवे झाले, उठले. तिने दोन तारखा लिहिल्या. तिन्ही रकान्यांवरून एक आडवी रेघ मारली आणि रेघेवर लिहिलं, 'नोंद घेतली नाही.'

शेऱ्याचा रकाना उरला. कारण लिहायचं होतं. पेन तिथे टेकवून ती बसली. सेल संपला, असं लिहिता आलं असतं. ते खरं होतं. प्रोग्रामातली चूक, तेही खरं होतं. दोन्ही कारणं कुठल्याही साहेबाला समाधानकारक वाटली असती.

दादा उठून तिच्यामागे आला आणि वाकून वाचू लागला. तिने शनिवारपुढे लिहिलं, आणि रविवारपुढे तेच पुन्हा, पूर्ण, कारण 'वरीलप्रमाणे' असं लिहिलेलं बाबांना खपत नसे.

'कारण : निरीक्षक जागेवर नव्हती.'

मग तिने हात वर करून डब्याची वायर भिंतीतून ओढून काढली.